वत्सगुल्माच्या वाटेवरची लेणी

अकोल्याहून वाशिमकडे निघालेला रस्ता पहिले तीसेक किलोमीटर पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीतून जातो. कापूस, तूर, सोयाबीन, आणि दूरवर काही नाही. पातूर जवळ आले की समोर डोंगराची रांग उभी राहते, गाव ओलांडले की घाट लागतो आणि मेडशी, मालेगाव मागे टाकत वाट वाशिमच्या पठारावर चढते. आज या वाटेला राष्ट्रीय महामार्ग १६१ म्हणतात. शेखबाबूंच्या दर्ग्यामुळे 'पातूर शेखबाबू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाला लागूनच एक टेकडी आहे आणि तिच्या कुशीत लेणी कोरलेली आहेत. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत त्यांची नोंद आहे. तरीही अकोल्यात चार माणसांना विचारले, तर लेणी पाहायला अजिंठ्याला जा, असाच सल्ला बहुधा मिळतो.

पातूरला अजिंठ्याची अपेक्षा घेऊन गेलेला माणूस दोन मिनिटांत परत फिरतो. इथे रंग नाही, जातककथा नाहीत, छतावर कमळे नाहीत. पुढे ओसरी, ओसरीला जाड, चौकोनी, जवळजवळ बिनानक्षीचे खांब, त्यामागे दालन आणि आत काळोखात गाभाऱ्यासारखी खोली. एवढाच पसारा. कोरीव मूर्तीचा जो अवशेष आहे तोही भंगलेला. पण दगडात कोरलेली वास्तू कशी जन्माला येते आणि ती नेमकी इथेच का येते, हे समजून घ्यायचे असेल तर नटलेल्या लेण्यापेक्षा असे उघडेबोडके लेणे जास्त बोलते.

आधी जागा पाहू. वऱ्हाडाचे जुने लोक प्रदेशाचे दोन भाग सांगत: पायनघाट आणि बालाघाट. पायनघाट म्हणजे घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्याचा सखल मुलूख. अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे त्यात येतात. बालाघाट म्हणजे दक्षिणेकडचे पठार. वाशिम त्यावर वसलेले. उत्तरेला मेळघाटाचा सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे, आणि मधे नदीने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ. या गाळाच्या पट्ट्यात विहीर खणली तर हात हात खोल माती लागते. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला पाणी खारट का लागते हे जसे ठाऊक असते, तसेच इथे बांधकामाला दगड मिळत नाही हेही ठाऊक असते.

म्हणूनच बौद्ध धम्माचा या मुलखातला फार जुना पुरावा दगडात नसून विटेत आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोन नावाचे गाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन केले आणि विटांनी बांधलेल्या स्तूपाचा पाया उजेडात आणला. त्याचा काळ मौर्यांच्या आसपासचा, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाकडे जाणारा सांगितला जातो. मैदानात वीट आणि डोंगरात कातळ, अशी ही साधी वाटणी आहे. खडक उघडा पडतो तो खोऱ्याच्या दोन्ही काठांवर. पातूर दक्षिण काठावर आहे. अमरावती जिल्ह्यातली साळबर्डी उत्तर काठावर. वऱ्हाडातली लेणी या दोन काठांवर सापडावीत यात नवल नाही.

पातूरचा खडक तोच, जो सह्याद्रीत आहे आणि अजिंठ्यातही आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. प्रत्येक थर सारखा नसतो. कुठे घट्ट काळा पाषाण, कुठे वायूच्या बुडबुड्यांनी भोके पडलेला मऊ खडक, आणि दोन थरांच्या मधे कधी तांबड्या मातीची पट्टी. पाथरवटाला हे थर वाचता येणे फार गरजेचे होते. छतासाठी सलग, चिरा नसलेला थर मिळाला पाहिजे आणि पोट मात्र फार कठीण नको. अजिंठ्यात काही लेण्यांचे काम छत ढासळल्यामुळे किंवा खडकात भेग निघाल्यामुळे बदलावे लागल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. दगड निवडण्यातली चूक नंतर दुरुस्त होत नाही, कारण इथे काही जोडायचे नसते, फक्त काढायचे असते.

काढण्याची रीतही उलटी. घर पायापासून वर चढते, लेणे छतापासून खाली उतरते. आधी डोंगराचा दर्शनी भाग तासून उभी भिंत करायची. मग छताच्या उंचीवर आत शिरायचे, माणूस वाकून काम करू शकेल एवढे अरुंद बोगदे समांतर खणत न्यायचे, मधला दगड फोडून काढायचा आणि हळूहळू जमिनीकडे यायचे. खांब जिथे हवे तिथे दगडाचा ठोकळा तसाच सोडायचा. हे सगळे आज इतक्या खात्रीने सांगता येते ते अपूर्ण राहिलेल्या लेण्यांमुळे. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे पूर्ण झाले असते तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक ठरले असते. ते अर्धवट राहिल्यामुळे आतले बोगदे, सोडलेले ठोकळे, छिन्नीचे तिरके घाव, सगळे जसेच्या तसे राहिले. पूर्ण झालेल्या लेण्यात गिलाव्याने आणि रंगाने कारागिराचा हात झाकला जातो. पातूरच्या बिनागिलाव्याच्या भिंतींवर तो झाकायला काहीच नाही.

आणि हा हात परक्या प्रदेशातून आला असेच धरून चालण्याचे कारण नाही. लेणे कोरायला सर्वांत आधी लागते ते चांगले लोखंड, कारण बेसॉल्टवर छिन्नीची धार लवकर जाते आणि ती रोज पाजवून द्यावी लागते. विदर्भ लोखंडाच्या बाबतीत भारतातल्या जुन्या प्रदेशांपैकी एक आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड इथे इसवी सनाच्या कित्येक शतके आधीची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. माहुरझरीच्या शिळावर्तुळांतून लोखंडी अवजारे निघाली आहेत. दर लेण्यामागे एक लोहार उभा होता, आणि त्याच्याबद्दल शिलालेखांत एक अक्षरही नाही.

जागेचा दुसरा अर्थ रस्त्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर बौद्ध लेण्यांचे ठिपके टाकून पाहिले की ते घाटांच्या तोंडाशी जमा होतात. बोरघाटाच्या माथ्याजवळ कार्ले आणि भाजे, नाणेघाटाच्या वाटेवर जुन्नर, कन्नडच्या घाटाजवळ पितळखोरे, आणि अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरकडे जाताना अजिंठा. भिक्खूंना पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्याचा नियम होता; त्याला वर्षावास म्हणतात. उरलेला काळ ते चालत. राहायला एकांत हवा, पण भिक्षेला गाव चालण्याच्या अंतरावर हवे. व्यापाऱ्याला घाट चढण्याआधी मुक्काम हवा, बैलांना पाणी हवे, आणि पुढच्या प्रवासासाठी पुण्यही हवे. दोघांच्या गरजा घाटाच्या पायथ्याशी एकत्र येतात. पातूर अगदी अशीच जागा आहे: पायनघाट संपतो आणि बालाघाटाची चढण सुरू होते, तिथे.

ही चढण कुठे नेत होती? आज वाशिमला, आणि दीड हजार वर्षांपूर्वी वत्सगुल्माला.

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म, आणि ते वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी होते, ही गोष्ट वऱ्हाडाला तशी अलीकडेच कळली. १९३९ मध्ये वाशिमचे पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्यामुळे एक ताम्रपट उजेडात आला. तो विंध्यशक्ती दुसरा या राजाने आपल्या राज्यवर्ष ३७ मध्ये वत्सगुल्माहून दिलेला होता. वंशावळीचा भाग संस्कृतात, बाकीचा प्राकृतात. नांदेडकडच्या भागातले एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले होते. त्या दानापेक्षा महत्त्वाचे निघाले ते त्यातले एक नाव: राजाचा पिता सर्वसेन, सम्राट पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा.

या एका नावाने अजिंठ्याचे कुलूप उघडले. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीबाहेर, डाव्या भिंतीवर, एक मोठा संस्कृत शिलालेख आहे. पावसापाण्याने त्याची अक्षरे झिजली होती. डॉ. भाऊ दाजी लाड, पंडित भगवानलाल इंद्रजी, जर्मन विद्वान ब्यूलर, अशा मोठमोठ्या अभ्यासकांनी तो वाचला होता. पण प्रवरसेनानंतरच्या राजाचे नाव नीट लागत नव्हते आणि त्यामुळे सगळी वंशावळ घोटाळ्यात होती. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाशिमचा ताम्रपट हाताशी धरून तो शिलालेख पुन्हा वाचला आणि झिजलेल्या जागी 'सर्वसेन' हेच नाव आहे हे दाखवून दिले. वाकाटकांचे घराणे एकच राहिले नव्हते. एक शाखा नागपूर-रामटेककडे राज्य करत होती, दुसरी वाशिमला. आणि अजिंठ्याची दुसऱ्या पर्वातली, म्हणजे पाचव्या शतकातली, लेणी या वाशिमच्या शाखेच्या काळात कोरली गेली. ताम्रपट उजेडात आला तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा ते १९९८ मध्ये झाले. मिराशींचे 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ' हे पुस्तक १९५७ साली मराठीत आले. वऱ्हाडातल्या प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात ते असायला हवे, असे मनापासून वाटते.

अजिंठ्याच्या त्या लेखाचा कर्ता राजा नाही. तो वराहदेव, राजा हरिषेणाचा मंत्री. त्याचा पिता हस्तिभोज हाही मंत्री होता, हरिषेणाचा पिता देवसेन याचा. वराहदेवाने हा विहार भिक्खुसंघाला अर्पण केला आणि लेखात त्याचे वर्णनही करून ठेवले: खिडक्या, दारे, चित्रांच्या ओळी, कोरीव स्त्रीमूर्ती, सुंदर खांब, जिने, आत बुद्धाचे मंदिर, पाण्याचे मोठे टाके आणि नागराजाचे स्थान. आजही त्या लेण्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर नागराज बसलेला दिसतो. आपण काय बांधले हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा प्राचीन दाता विरळा. जवळच्या घटोत्कच लेण्यातही याच वराहदेवाचा लेख आहे.

'राजाने लेणी कोरून घेतली' हे आपल्याकडचे सवयीचे वाक्य इथे टिकत नाही. वाकाटक राजे यज्ञ करणारे, ब्राह्मणांना गावे देणारे, शिव-विष्णूचे उपासक होते. लेण्यांचा खर्च मंत्री, मांडलिक, श्रीमंत भिक्खू आणि साधे उपासक करत. अजिंठ्याचे २६ क्रमांकाचे चैत्यगृह बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने करवले. राजाचा धर्म एक, त्याच्या मंत्र्याची श्रद्धा दुसरी, आणि दोघांचे दरबारात जमत होते, ही गोष्ट पाचव्या शतकातल्या वऱ्हाडाबद्दल बरेच काही सांगते.

हे राजघराणे रुक्षही नव्हते. सर्वसेनाने प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य लिहिले. ते आज उपलब्ध नाही, पण नंतरच्या काव्यशास्त्रकारांनी त्याचे दाखले दिले आहेत. 'वच्छोमी' ही प्राकृत काव्याची रीत वत्सगुल्माच्या नावानेच ओळखली गेली. राजशेखर 'काव्यमीमांसे'त या नगराचा उल्लेख मदनाचे क्रीडास्थान म्हणून करतो. वाशिमच्या पद्मतीर्थाच्या काठावर उभे राहून हे आठवले की गावाची ओळख एकदम बदलते.

तारखांचा प्रश्न सुटला तोही वाशिम जिल्ह्यातल्याच एका गावामुळे. हिस्से-बोराळा इथे देवसेनाच्या काळातला शिलालेख सापडला. स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने 'सुदर्शन' नावाचे सरोवर करवले, असे त्यात म्हटले आहे. गिरनारच्या प्रसिद्ध सरोवराचे नाव वऱ्हाडातल्या तळ्याला दिलेले पाहून आनंद होतो. पण इतिहासकारांना त्याहून मोलाचे वाटले ते वर्ष: शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५७-५८. वाकाटक राजे लेखांत केवळ स्वतःचे राज्यवर्ष देत, त्यामुळे त्यांचा काळ ठरवणे अवघड असे. इथे शकाचा आकडा मिळाला, शिवाय सप्तर्षी उत्तरा नक्षत्रात असल्याची नोंदही. देवसेन ४५८ च्या सुमारास राज्यावर होता, म्हणजे हरिषेण त्यानंतर; आणि अजिंठ्याची हरिषेणाच्या काळातली लेणी त्याहून जुनी असू शकत नाहीत. तळ्याच्या कामाची एक पाटी जगप्रसिद्ध चित्रांचे वय सांगून गेली.

अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यातली कित्येक दशके अजिंठ्यावर घालवली. त्यांच्या मते दुसऱ्या पर्वातले जवळजवळ सगळे काम हरिषेणाच्या कारकिर्दीतल्या, सुमारे ४६० ते ४८० या वीसेक वर्षांत झाले, आणि राजा गेल्यावर ते कोलमडले. सगळ्या अभ्यासकांना हा इतका आखूड काळ मान्य नाही. पण काम अचानक थांबले, याची साक्ष अपूर्ण लेणी देतात. मिराशींनी दंडीच्या 'दशकुमारचरिता'तल्या एका कथेकडे लक्ष वेधले होते. विदर्भाचा एक चांगला राजा मरतो, मुलगा चैनीत बुडतो, म्हाताऱ्या मंत्र्याचे ऐकत नाही, आणि शेजारचा अश्मकांचा राजा कट करून राज्य बुडवतो. या गोष्टीत वाशिमच्या वाकाटकांचा शेवट गुंफलेला आहे असे मिराशींचे म्हणणे होते, आणि स्पिंक यांनी ते उचलून धरले. कथेवर इतिहास उभा करताना जपूनच पाऊल टाकावे लागते. पण पाचव्या शतकाच्या अखेरीस वत्सगुल्माची सत्ता मावळली, हे खरे.

आता पातूरकडे परत. जुन्या गॅझेटियरने या लेण्यांना बौद्ध विहार म्हटले आणि तीच ओळख रूढ झाली. पुढे काहींनी आतल्या खोलीची मांडणी आणि भंगलेली मूर्ती पाहून ती शैव असावीत, असे मत मांडले. बांधणीवरून त्यांना वाकाटककालीन मानतात. हा वाद कोणत्या खुणांवर चालतो ते समजून घेण्यासारखे आहे. बौद्ध विहारात दालनाच्या तीन बाजूंना भिक्खूंच्या लहान खोल्या असतात, आत दगडी ओटे असतात. चैत्यगृहात टोकाला स्तूप असतो. शैव लेण्यात शिवलिंगासाठी खळगा आणि पाणी जायला वाट असते. जिथे काम साधे किंवा अपुरे राहिले आहे, तिथे या खुणा पुरेशा उमटलेल्या नसतात. शिवाय लेणी मालक बदलतात. भिक्खू निघून गेल्यावर तिथे जोगी येतात, गुराखी येतात, एखादा साधू शेंदूर लावतो. राज्यभर बौद्ध लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणण्याची पद्धत पडली, तीही याच विस्मरणातून. पातूरसाठी आज खरी गरज आहे ती मोजमापांसह तपशीलवार आराखड्यांची आणि लेण्यांसमोर मराठीत लावलेल्या सविस्तर फलकाची.

उत्तर काठावरची साळबर्डी वेगळ्या कारणाने मनात राहते. मोर्शी तालुक्यातले हे गाव माडू नदीवर, थेट मध्य प्रदेशाच्या सीमेवर. महाशिवरात्रीला डोंगरातल्या गुहेतल्या महादेवासाठी इथे मोठी यात्रा भरते. याच परिसरात बौद्ध विहारांचे अवशेष आहेत. महानुभाव परंपरेनुसार रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर चक्रधरस्वामी बारा वर्षे साळबर्डीच्या डोंगरात राहिले. भूशास्त्रज्ञ इथे आणखी वेगळ्या ओढीने येतात: फार जुना नाईस खडक, गोंडवनाचा वालुकाश्म, डायनासोरचे जीवाश्म देणारे लॅमेटाचे थर आणि वरचा लाव्हा, हे सारे थोड्या अंतरात पाहायला मिळते. एकांत शोधणाऱ्या तीन परंपरांनी एकच डोंगर निवडावा, यामागे पाणी, आडोसा आणि डोंगरातून पलीकडे जाणारी वाट ही तीच जुनी कारणे दिसतात. चंद्रपूरकडच्या भद्रावतीला विजासन टेकडीतही सरळ आत शिरणाऱ्या लांबलचक बोगद्याच्या शेवटी बुद्ध बसलेला आहे. विदर्भातल्या लेण्यांचा एकत्रित विचार केला तर पातूर एकटे पडत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि वऱ्हाडातली असंख्य कुटुंबे पुन्हा बुद्धाकडे वळली. अकोला-अमरावतीच्या वस्त्यांमधल्या विहारांत आज त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. या लोकांना अजिंठा-वेरूळच्या सहली माहीत आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्या विहारांपर्यंतची वाट मात्र पाठ्यपुस्तकाने त्यांना दाखवलेली नाही. अकोल्याहून सकाळी निघून पातूरची लेणी पाहावीत, घाट चढून वाशिमला जावे, एका दिवसात हे आरामात होते. लेण्यात जाताना टॉर्च न्यावा आणि उजेड भिंतीवर सरळ न टाकता भिंतीलगत आडवा धरावा. मग छिन्नीचे घाव सावलीसह उठून दिसतात, कारागीर कोणत्या बाजूने सरकत गेला ते कळते, आणि कुठे काम थांबले तेही.

भोनच्या बाबतीत इतका वेळ हाताशी नाही. पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात हे गाव येते. धरणाचे पाणी खारपाणपट्ट्याला हवेच आहे, त्यासाठी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली आहे. म्हणून पाणी चढण्याआधी तिथले उत्खनन पुरे होणे, निघालेल्या प्रत्येक विटेची नोंद होणे आणि त्या वस्तू वऱ्हाडातच, अकोल्याच्या किंवा बुलढाण्याच्या एखाद्या संग्रहालयात, लोकांना पाहता येतील अशा ठेवणे हे काम आधी उरकायला हवे.